उपाध्ये डॉक्टरांचा बाक

"मग त्याचा नंबर कितवा होता?" उपाध्ये डॉक्टरांनी विचारलं.

"आधी नऊ होता, सर. मग सतरा झाला," यशोधन म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यानं बदलून घेतला. सतरा नंबरच्या बाईचं पोर रडत होतं. हा म्हणाला, माझं काय, नुसतं पित्त आहे, तुम्ही आधी जा. आपला बिल्ला तिला दिला आणि तिचा आपण घेतला."

"आणि तू?"

"मी आत होतो. काचेच्या दाराआड."

"किती वेळ बसला तो?"

"एक तास दहा मिनिटं."

उपाध्ये डॉक्टरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

डॉक्टर नेमिनाथ उपाध्ये शहात्तर वर्षांचे. माळशिंगी नावाच्या बाजारगावात अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत दवाखाना चालवला. यशोधन घोरपडे हा त्यांचा शिष्य. पोरगा विद्यापीठाचा सुवर्णपदकवाला, तरी शहर सोडून सहा महिने या म्हाताऱ्याच्या हाताखाली राहिला. त्याच्या आईबापांना याचं नवल वाटलं होतं आणि त्याला स्वतःला भारी कौतुक.

दोन वर्षांपूर्वी त्यानं वीस किलोमीटरवरच्या तळेखेडला स्वतःचा दवाखाना थाटला. गुरूचा कारभार म्हणजे नुसता आठवडी बाजार, असं त्याचं मत होतं. कोण आधी आला, कोण मागून आला, काही धरबंद नाही. आपल्याकडे तसं चालणार नाही, असं ठरवूनच तो बसला होता.

त्यानं पितळी बिल्ले करून घेतले. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी लावली. सरपंच आला तरी बिल्ला, सासरा आला तरी बिल्ला. पहिले दोन महिने गाव कुरकुरलं, मग गावालाच त्याचा अभिमान वाटायला लागला. पाहुण्यारावळ्यांना लोक सांगायचे, आमच्या डॉक्टरकडं वशिला चालत नाही. यशोधनची कॉलर ताठ झाली ती झालीच.

आणि खोटं कशाला बोला, त्यात वाईट तरी काय होतं? गरीबश्रीमंत एका रांगेत बसत होते. एवढंही कुठं बघायला मिळतं?

भानुदास ऐवळे ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. नाकासमोर चालणारा माणूस. पाण्याच्या पाळीत त्यानं सख्ख्या भावाची गय केली नव्हती. डॉक्टरचा नियम त्याच्याइतका साऱ्या तळेखेडात कुणाला पटला नसेल. शेहेचाळीस वर्षांचा भानुदास छातीवर मूठ दाबत आला, बिल्ला घेतला, त्या पोरवाल्या बाईला दिला आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

पाटीवर सतरा आकडा लागला. घंटा वाजली. तो उठला नाही.

कंपाउंडर ओरडला, "अहो सतरा, झोप लागली काय?"

बाकावरची माणसं हसली.

हृदयाचा आलेख काढायचं यंत्र तिथून आठ पावलांवर होतं. झटका द्यायचं यंत्र होतं. ऑक्सिजन भरलेला होता, इंजेक्शनांचा ट्रे मांडलेला होता, प्रत्येक बाटलीवर तारीख लिहिलेली होती. यशोधननं चाळीस मिनिटं छाती दाबली. घामानं त्याचा सदरा भिजला आणि भानुदासचं अंग गार पडत गेलं.

"घरी गेलास का त्याच्या?" सरांनी विचारलं.

"गेलो."

"काय म्हणाले?"

यशोधनला वाटलं होतं, शिव्या देतील. एखादा अंगावर धावून येईल. त्याची तयारी होती, किंबहुना तो त्याच आशेनं गेला होता.

"बायको उंबऱ्यात बसली होती. मला बघून पदर सावरला. म्हणाली... डॉक्टर, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. त्यांचा नंबर यायचा होता अजून, मग तुम्ही तरी काय करणार?"

...

"चहा केला तिनं माझ्यासाठी," यशोधन म्हणाला.

त्या गोष्टीला आठ दिवस झाले होते. आठ दिवस दवाखान्याला कुलूप होतं. जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. डोळा लागलाच तर घंटा ऐकू यायची. नववीत असल्यापासून ज्याला डॉक्टरच व्हायचं होतं, त्याला आता पांढऱ्या कोटाकडे बघवत नव्हतं.

"सर, एकच विचारतो. नऊ नंबरलाच आत आला असता, तर वाचला असता?"

"बहुतेक."

सांगता येत नाही असं म्हणतील, आयुष्याची दोरी म्हणतील, काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. म्हाताऱ्यानं एक शब्द उच्चारला आणि हात झटकून मोकळा झाला. यशोधनला त्या क्षणी त्यांचा राग आला. खोटं बोलायला काय गेलं होतं यांच्या बापाचं?

"म्हणजे मी मारलं त्याला."

...

"बोला ना, सर. दोष माझा आहे म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मला पुण्याला विमा कंपनीत नोकरी मिळतेय. आजारी लोकांचे कागद तपासायचे. माणूस समोर येतच नाही. सोमवारी हजर व्हायचंय. तुम्ही एक शब्द बोला, त्यावर मी ठरवतो. जायचं ठरलं तर परत कधी कुणाच्या नाडीला हात लावणार नाही."

उपाध्ये डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"बाहेर माणसं खोळंबलीत," ते म्हणाले. "बाकावर बस. बोलावतो."

"तुमच्याकडे तर नंबर नसतात."

"नसतात. बस."

यशोधन बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या लांब बाकाच्या टोकाला बसला. जानेवारीची सकाळ होती. वारा बोचरा. माणसं कानटोप्या घालून, घोंगड्या पांघरून बसली होती. बारा-तेरा जण असतील. कोण होते, ते त्यानं पाहिलं नाही.

या बाकाची एक रीत होती. उपाध्ये डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं आतला पेशंट आत ठेवून बाहेर यायचे. बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, बोलायचे नाहीत. चेहरे बघायचे, नखं बघायची, कुणाचा श्वास कसा चाललाय ते बघायचे. मग एकाकडे बोट करून म्हणायचे, तू ये. मागून आलेला पुढे गेला म्हणून बाकीचे फणफणायचे. अठ्ठेचाळीस वर्षं लोक फणफणत होते आणि अठ्ठेचाळीस वर्षं त्याच बाकावर येऊन बसत होते.

सहा महिने हे बघून यशोधननं एकदा सांगितलं होतं, सर, हा अन्याय आहे, नंबर लावा. सर नुसते हसले होते. शिकायला आलेला पोरगा शिकवायला लागला, म्हणून सुगंधाबाई नर्सही हसली होती.

सर पहिल्यांदा बाहेर आले. टोकापासून टोकापर्यंत गेले. घोंगडीवाल्या एका माणसाची पापणी खाली ओढून पाहिली.

"तू ये."

दुसऱ्यांदा आले तेव्हा चालता चालता यशोधनसमोर थांबले. तो खाली मान घालून बसला होता. सरांच्या चपला तेवढ्या त्याला दिसल्या. त्या बराच वेळ तिथेच होत्या, मग गेल्या.

"कोण गेलं रं तुजं, लेकरा?"

शेजारी एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, हातात मिसरीची डबी. यशोधननं मान वर केली नाही.

"कोणी नाही, आजी."

"तोंडच सांगतंय की. ऱ्हाऊ दे, सांगू नगंस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माजा थोरला गेला तवा म्या आशीच बसली हुती. तीन दिस. मग म्हशीनं हंबरडा फोडला. धार काडाय उटावं लागलं."

"हं."

"माजं काय न्हाई म्हणा. पहाटंपासनं ह्यो हात भरून आलाय, आन् जबडा दुकतोय. दाढ आसंल. काडून टाका म्हणावं डाक्टरला." तिनं पुन्हा तोंड पुसलं. "दाढा तरी किती ऱ्हायल्यात?"

ती स्वतःशीच हसली.

"हं," यशोधन म्हणाला.

त्याच्या मनात भानुदासची बायको चहाचा कप पुढे करत होती. कपाला कान नव्हता. तेवढंच त्याला दिसत होतं.

सर तिसऱ्यांदा बाहेर आले. म्हातारीनं त्यांना हाक घातली.

"डाक्टर, माजं ऱ्हाऊ द्या. ह्या लेकराला आदी घ्या. ह्याचं काय खरं दिसत न्हाई बगा."

सर यशोधनकडे बघत राहिले. चाळीस-पन्नास वर्षं माणसांचे चेहरे वाचलेला डॉक्टर एका चेहऱ्याशी अडल्यासारखा थांबला होता. यशोधनला वाटलं, आता बोलावतील. पण सर एका बाईला आत घेऊन निघून गेले.

हा माझी परीक्षा बघतोय, असं यशोधनला वाटलं. बघू दे, मी नाही उठणार.

थोड्या वेळानं म्हातारीचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

हलकं, पिकल्या केसांचं डोकं. मिसरीचा वास. पहाटे उठून कुठल्यातरी वस्तीवरून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं आली असेल, डोळा लागला असेल. ती घोरायलाही लागली. अडखळत, मध्येच थांबून, पुन्हा.

यशोधन हलला नाही.

त्यानं श्वास जपून घेतला. खांदा अवघडला तरी तसाच ठेवला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपला कुणालातरी काही उपयोग होतोय. नाव नाही, गाव नाही, आणि ही बाई आपल्या खांद्यावर निर्धास्त झोपली आहे. त्याचे डोळे भरून आले. त्याला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

समोर चाहूल लागली. सर चौथ्यांदा दारात आले होते. तिथूनच त्यांनी यशोधनला पाहिलं. त्याचे ओले डोळे पाहिले, खांद्यावरचं डोकं पाहिलं. यशोधननं बोट ओठांवर ठेवलं.

सर हसले. मान हलवली आणि आवाज न करता आत गेले.

घोरणं थांबलं. चांगली गाढ झोप लागली, असं यशोधनला वाटलं.

पाच मिनिटं गेली असतील. जास्तच.

"केराबाई, चला आत," सुगंधाबाई म्हणाली. "केराबाई...? अहो केराबाई!"

तिनं म्हातारीच्या हाताला धरलं. हात सुटला आणि लुगड्यावर पडला. डबी खाली गडगडली.

"सर!" सुगंधाबाई किंचाळली.

त्यानंतर काय घडलं ते यशोधनला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. म्हातारी फरशीवर. तिच्या चोळीची पाठ घामानं चिंब. बाहेर दात वाजवणारी थंडी. शहात्तर वर्षांचे उपाध्ये डॉक्टर गुडघ्यावर बसून मोजत होते. तीस. दोन श्वास. तीस. दोन श्वास. मग यशोधन मोजत होता. सुई, ऑक्सिजन, पुन्हा सुई. रुग्णवाहिका तालुक्याहून यायची, तिला पाऊण तास. बाकावरची माणसं उभी राहिली होती. कुणी हसलं नाही.

तळहाताखाली बरगडी मोडल्याचं त्याला कळलं. तरी तो दाबत राहिला.

"यशोधन," सर म्हणाले.

तो थांबला नाही.

"बस कर, बाळ."

...

दुपारी केराबाईचा पुतण्या आला. तिला घेऊन गेला. जाताना दोघांच्याही पाया पडला, आणि ते पाया पडणं यशोधनला सोसवेना.

बाकावरची माणसं पुन्हा बाकावर बसली होती. जाणार कुठं? टोकाच्या दोन जागा मात्र त्यांनी रिकाम्या ठेवल्या होत्या.

आत सर हात धूत होते. पुष्कळ वेळ धूत होते.

"अजून सहा जण आहेत बाहेर," ते म्हणाले.

"तुम्हाला हे बोलवतं कसं?" यशोधन म्हणाला. "सहा जण म्हणे."

"आहेत म्हणून सांगितलं."

"जबडा दुखतोय म्हणाली मला. हात भरून आलाय म्हणाली. थंडीत घाम पुसत होती, सर. वेगवेगळं नाही, सगळं एकदम सांगितलं. पुस्तकात असतं तसं, ओळीनं. पहिल्या वर्षाच्या पोरानं ओळखलं असतं. मी काय म्हणालो माहीत आहे? हं म्हणालो."

...

"ते घोरणं नव्हतं. ते शेवटचे आचके होते. आणि मी... मी हललो नाही. तिची झोपमोड होईल म्हणून हललो नाही."

सरांनी टॉवेल घेतला. बोटं एकेक करून पुसली.

"माझं जाऊ द्या," यशोधन म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला. "मी आंधळाच होतो. तळेखेडला होतो, इथं होतो. पण तुम्ही? तुमच्याकडे बिल्ले नाहीत, पाटी नाही, दाराला पडदासुद्धा नाही. तुम्ही चार वेळा बाहेर आलात. तिच्यासमोर उभे राहिलात. ती तुमच्याशी बोलली. ती माझ्या खांद्यावर मरत होती तेव्हा तुम्ही त्या दारात उभे होतात, दहा फुटांवर. हसलात तुम्ही, सर! अठ्ठेचाळीस वर्षं नुसत्या चेहऱ्यावरून माणूस उचलणारे तुम्ही. तुम्हाला कशी दिसली नाही ती?"

बाहेर कुणीतरी खोकलं. सुगंधाबाई दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

उपाध्ये डॉक्टर आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. पेशंट बसतात त्या स्टुलावर ते बसले. टॉवेल मांडीवर ठेवला. एकदम खूप म्हातारे दिसायला लागले.

...

"तुझ्याकडे बघत होतो," ते म्हणाले.